धनसिंगची मुक्कामी गाडी

बोरी अरबहून दारव्ह्याकडे निघालं, की दीडेक किलोमीटरवर उजव्या हाताला वावरात एक लाल एसटी उभी दिसते. नवखा माणूस आपली गाडी हळू करतो. त्याला वाटतं, अपघात झाला असेल. जवळ गेल्यावर कळतं, की तिला चाकं नाहीत, इंजिन नाही, विटांच्या ओट्यावर ती नुसती टेकवली आहे. कपाळावरच्या पाटीवर, जिथे गावाचं नाव असतं तिथे, पांढऱ्या रंगात एकच शब्द लिहिला आहे : मुक्काम.

आठ वर्षं आम्ही लोक तिथे जेवायला जात होतो. वाढदिवस असो, मुलगी दाखवायची असो, नाहीतर घरात भांडण होऊन स्वयंपाक राहिलेला असो. धनसिंग राठोड आणि त्याची बायको हंसाबाई, दोघंच ती जागा चालवत. तो तेहतीस वर्षं एसटीत कंडक्टर होता. निवृत्त झाल्यावर त्यानं यवतमाळच्या एका भंगारवाल्याकडून ही बॉडी आणली तेव्हा तांड्यातले लोक हसले होते. "धनसिंग, इंजिन कवा टाकतं?" असं त्याला येताजाता विचारायचे. तो म्हणायचा, "आता कोठी जाचंच नाही, तं इंजिन कायले पायजे?"

आत निम्म्या बाकांची तोंडं फिरवून समोरासमोर केलेली, मध्ये फळ्या. मागच्या खिडकीला लागून बाहेर पत्र्याचं छप्पर, त्याखाली हंसाबाईची चूल. भाकर खिडकीतूनच आत यायची. थंडीत सोल्याची भाजी, म्हणजे तुरीच्या ओल्या दाण्यांची, नाहीतर वांग्याचं भरीत. जोडीला ठेचा आणि कोणी आधी सांगितलं असेल तर गळवाणी, ते बंजाऱ्यांचं गुळाचं पातळ गोड. धनसिंग खाकी शर्ट घालून दारात उभा राहायचा. कागदाच्या रंगीत चिठ्ठ्या त्यानं कापून ठेवल्या होत्या. भरीत म्हटलं की पिवळी, सोले म्हटलं की हिरवी, आणि जुन्या पंचनं टक्‌ करून भोक पाडून ती तुमच्या हातात. लहान पोरं त्या भोकासाठीच हट्ट करून आईबापांना तिथे आणायची.

गाडीचे नियमही होते. घरचं शेवटचं माणूस चढल्याशिवाय ताट मिळायचं नाही. कोणी बाकावर रुमाल टाकून ठेवला, की ती जागा त्याची; मग तो दोन तासांनी येवो, धनसिंग दुसऱ्या कोणाला तिथे बसू देत नसे. आणि छताला लांबलचक दोरी होती, तिच्या टोकाला खरी एसटीची घंटा. जेवताना काही हवं असेल तर दोरी एकदा ओढायची. एक बेल म्हणजे थांबा. ती वाजली, की मागच्या खिडकीत हंसाबाईचं तोंड दिसायचं, "काय पायजे, बाप्पा?" जेवणं झाली, हात धुतले, की धनसिंग स्वतः दोनदा दोरी ओढायचा. डबल बेल, म्हणजे निघा. ती मात्र त्याच्याशिवाय कोणी द्यायची नाही, आणि ती झाल्याशिवाय कोणी खाली उतरायचं नाही.

मी त्याला ओळखत होते ती या जागेच्याही आधीपासून. नेरच्या रस्त्यावरच्या एका शाळेत मी एकोणीस वर्षं शिकवलं आणि त्यातली बरीच वर्षं माझी सकाळची गाडी त्याची होती. दारामागचा पहिला बाक तो स्वतःचा रुमाल टाकून माझ्यासाठी धरून ठेवायचा. एकदा माझ्या सासूबाईंना बरं नव्हतं, मी धावत स्टँडवर पोचले तर गाडी सात मिनिटं थांबलेली. आतले वऱ्हाडी चिडलेले. धनसिंग त्यांना सांगत होता, "बाईच्या वर्गात पन्नास पोट्टे बसून राह्यले. तुमचा नवरदेव एकटाच हाय, त्याले बसू द्या जरासा."

त्याचा एक शब्द होता, 'चालते'. साहेबानं ड्युटी बदलली, चालते. सुट्टी नाकारली, चालते. त्यामुळे मुक्कामी गाडी बहुतेक वेळा त्याच्याच नावावर लागायची. मुक्कामी म्हणजे संध्याकाळी शेवटच्या गावाला जाऊन रात्रभर तिथेच उभी राहणारी आणि पहाटे परतणारी गाडी. ड्रायव्हर-कंडक्टर उन्हाळ्यात टपावर झोपायचे, थंडीत बाकांवर. इतर लोक ती ड्युटी टाळायचे. धनसिंगनं अर्धं आयुष्य अशा गावांत काढलं, जिथे त्याचं कोणी नव्हतं. इकडे हंसाबाईनं एकटीनं वावर केलं, सासू-सासऱ्यांचं केलं, गोपाल आणि रजत ही दोन पोरं वाढवली. तिलाही कधी कोणी विचारलं तर तिचंही तेच, "चालते मले."

एकदा चुलीपाशी बसून तिनं मला सांगितलं होतं, "बाई, लगन झालं तवा मी सतरा वर्षांची. पन दोघांनं रोज संगं बसून जेवाचं, हे ते रिटायर झाल्यावरच सुरू झालं. आमचं खरं लगन तवाच लागलं म्हना." आणि तोंडाला पदर लावून हसली होती. पाटीवरचा तो शब्द तिनंच सुचवलेला. त्याला 'अन्नपूर्णा' लिहायचं होतं. ती म्हणाली, "मुक्काम लिवा. तुमची सगळी जिंदगी दुसऱ्याच्या गावात मुक्कामी गेली. आता एकदा घरी करा."

मागच्या पोळ्याला कढईतलं तेल उडून हंसाबाईचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. गोपाल पुण्याहून आला, रजत नेरहून. दोन्ही मुलं घाबरली होती. आईबापानं या वयात चूल फुंकू नये असं त्यांना वाटलं, यात त्यांचं काही चुकलं नाही. गोपाल माझा विद्यार्थी. गणितात हुशार, मनानं मऊ. वर्गात कोणी पडलं तर पहिला उठून जायचा. हात बरा होईपर्यंत गाडी बंद राहिली. दिवाळीनंतर पुन्हा सुरू झाली तेव्हा मुलांनी आपसात फोनवर ठरवून टाकलं होतं.

ठरलं ते असं. गोपालची बायको दिपाली हिची बाळंतपणाची रजा संपत आली होती, तर हंसाबाईनं बाळाजवळ पुण्याला जावं. रजतला नेरच्या दुकानात विश्वासाचं माणूस हवं होतं, तर धनसिंगनं तिकडे राहावं. पुण्यातलं घर दोन खोल्यांचं, रजतचं तर दुकानामागची एक खोली आणि स्वयंपाकघर. दोघांना एका ठिकाणी ठेवायला जागा नव्हती. गाडी संक्रांतीनंतर बंद.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मी तिळगूळ द्यायला गेले. धनसिंग दारातली पायरी पुसत होता. मी सरळ विचारलं, "तुम्हाला हे चालतं का, धनसिंग?"

त्यानं फडकं पिळलं. "मले नाही चालत, बाई," तो म्हणाला. त्याच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकलं. "पन तिले नातवंडाचा लई लळा. आपले पोट्टे तिनं एकटीनं वाढवले, कवा मदतीले कोनी नव्हतं. आता नातू मांडीवर घेऊन दोन घास सुखानं खाईन. मी अडवलं तं ती थांबन, मले माहीत हाय. आन मंग जलमभर मनात ठेवीन. तुमी तिच्यापाशी बोलू नोका."

मी हो म्हटलं आणि चुलीकडे गेले. हंसाबाई उकिडवी बसून सोले निवडत होती. भाजलेल्या हाताची कातडी गुलाबी आणि ताणलेली दिसत होती.

"पुन्यात मी काय करू, बाई?" ती म्हणाली. "मले तिथं लिफ्टीचं बटन नाही दाबता येत. पन त्याईचे गुडघे गेले. दिवसभर पायरीवर उभे राहतात. मी नाही म्हनलं तं ते माह्यासाठी इथंच राबत राहतीन. दुकानात खुर्चीवर बसतीन, पंख्याखाली. रजतची बायको करते चांगलं." मग माझ्या हातावर हात ठेवला. "तुमाले शपथ हाय. गोपालच्या बाले नोका सांगू."

मी तिलाही हो म्हटलं. चौतीस वर्षं मी मुलांना शिकवलं, की दिलेला शब्द पाळायचा.

शेवटचं जेवण रविवारी होतं. उन्हं कलायला लागली तेव्हा मी पोचले तर दाराला 'प्रासंगिक करार' अशी पाटी लावलेली. लग्नाला अख्खी गाडी ठरवली की एसटीवर लागते तीच. धनसिंगनं इस्त्रीचा खाकी शर्ट घातला होता. सगळ्यांना त्यानं रीतसर चढवलं : गोपाल, दिपाली, मांडीवर चार महिन्यांचं बाळ, सात वर्षांची नात सोनू, रजत आणि त्याची बायको. हंसाबाई चुलीकडे वळली तर गोपालनं आईला धरून आत आणलं. "याडी, आज तू बसायचं. भाकरी करून ठेवल्यात ना सगळ्या? मग झालं."

ती गाडीत बसून जेवली असं त्या दिवशी पहिल्यांदाच झालं. बाकाच्या अगदी काठावर बसली होती, पुढचा थांबा आपलाच असल्यासारखी.

धनसिंगनं चिठ्ठ्या फाडल्या. सोनूनं पिवळी पण मागितली आणि हिरवी पण. "दोन तिकिटं कोनाले पायजेत? ज्याचं सामान लई असते त्याले," आजोबा म्हणाले. "तुह्या पोटात सामान हाय का?" सोनू खिदळली. तिनं दोरी एकदा ओढली आणि ओरडली, "तूप!" घंटा वाजली तशी हंसाबाई हातातला घास ताटात टाकून उठलीच. रजतनं तिला खांदा दाबून खाली बसवलं. "याडी, बस न. मी आनतो."

जेवणं अर्ध्यावर आली तेव्हा गोपालनं विषय काढला. त्यानं घसा साफ केला, अगदी शाळेत फळ्यापाशी उभा राहून करायचा तसा.

"बा, सहा महिने असं करून पाहू. मग पाहिजे तर बदलून घेऊ. जुलैत याडी नेरला, तुम्ही पुण्याला."

"म्हंजे ड्युटी बदलल्यासारखं," धनसिंग म्हणाला.

"तसंच समजा."

"बा, तुमाले चालते न?" रजतनं विचारलं.

"मले काय," धनसिंग म्हणाला. "तिले चालत असन तं."

"याडी, तुले?"

हंसाबाई ताटातला ठेचा बोटानं एका कडेला लावत होती. "त्याईले चालत असन तं मले चालते."

"मंग झालं," रजत म्हणाला आणि त्याचा जीव भांड्यात पडलेला मला दिसला. दिपालीनं सासूच्या पाठीवरून हात फिरवला. तिचे डोळे भरून आले होते, कृतज्ञतेनं.

मी हंसाबाईकडे पाहिलं. ती माझ्याकडेच पाहत होती. परीक्षेत शेजाऱ्याचं पाहून लिहिणाऱ्या मुलाला आपण पकडतो आणि तो नुसत्या डोळ्यांनी विनवतो, 'बाई, नका ना' तशी. मी मान खाली घातली आणि भाकरीचा तुकडा मोडला. बोलायचं तर तेव्हाच होतं. दोन्ही शब्द मी पाळले आणि त्या पाळण्याचं मला आजही काही समाधान नाही.

गळवाणी झालं, हात धुऊन झाले. बाहेर अजून उजेड होता, तुरीच्या शेंगांवर तांबूस ऊन होतं. सगळे आपापल्या जागी बसून राहिले, कारण नियम सोनूलाही पाठ होता. धनसिंग दारात त्याच्या जागेवर उभा राहिला. एक हात दांडीवर. दोरी त्याच्या डोक्यावर वीतभर.

त्यानं हात वर केला नाही.

थोडा वेळ गेला. बाळ कुरकुरायला लागलं. गोपालनं फोनमध्ये पाहिलं आणि परत खिशात ठेवला.

"बा, बेल," रजत म्हणाला.

"थांब. कोनी राह्यलं का पाहू दे." त्यानं बोटानं माणसं मोजली. मोजताना त्याचे ओठ हलत होते. "सात. आन मांडीवर एक." मग पुढून मागे पुन्हा मोजलं. सात आणि मांडीवर एक. तिसऱ्यांदा मोजायला लागला तेव्हा हंसाबाईशी येऊन त्याचं बोट थांबलं आणि पुढे सरकेना.

हंसाबाई उठली. फळीला धरून, बाकाला धरून दारापर्यंत आली. तिनं भाजलेला हात वर केला आणि दोरी दोनदा ओढली.

घंटेचा आवाज पत्र्यात घुमला.

"बेल कंडक्टरनं द्याची असते," धनसिंग हळूच म्हणाला.

"तुमचा हात पोचून नव्हता राह्यला," ती म्हणाली.

मुलं हसली. सोनू तर टाळ्या वाजवत हसली, की आजी कंडक्टर झाली. ते दोघं मात्र हसले नाहीत. तो दारातून बाजूला झाला आणि एकेकाला हात देऊन त्यानं खाली उतरवलं, मला, सुनांना, सोनूला. शेवटी तिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोपालची कार निघाली. मी निरोपाला गेले होते. सामान ठेवून झाल्यावर हंसाबाई "आलोच" म्हणून गाडीत चढली. भाकरी गुंडाळायचं तिचं निळ्या काठाचं फडकं तिनं चौपदरी करून दारामागच्या पहिल्या बाकावर ठेवलं. खाली उतरून नवऱ्याला म्हणाली, "जागा धरजा माही."

"धरतो," तो म्हणाला.

एवढंच बोलणं झालं. कार वळून दिसेनाशी झाल्यावरही तो रस्त्याकडे तोंड करून उभा होता. मग रजत म्हणाला, "बा, चला, नेरची गाडी येईन," आणि तो पिशवी घेऊन निघाला.

हे जानेवारीत झालं. आता जून लागला आहे. हंसाबाईचा फोन मला दर दोन-तीन दिवसांनी येतो. बाळ तिच्याशिवाय झोपत नाही, दिपाली जीव लावते, गोपालनं खिडकीत तिला तुळस आणून दिली. लिफ्टचं बटण सोनू दाबते. धनसिंगचं ती विचारत नाही. विचारते ते त्याच्या गुडघ्याचं. धनसिंगचा गुडघा खरोखरच बरा आहे. दिवसभर खुर्चीवर, पंख्याखाली. दुकानात आलेला माणूस गेला, की तो "चला" म्हणतो आणि हात डोक्यावर नेतो, असं रजतनं मला हसत सांगितलं. पुढच्या महिन्यात अदलाबदल आहे. गोपाल शनिवारी तिला घेऊन येणार आणि रविवारी दुपारी त्याला घेऊन जाणार. मधल्या एका रात्रीचं म्हणाल तर रजतकडे बायका आत खोलीत झोपतात, पुरुष दुकानात.

दर रविवारी धनसिंग नेरहून एसटीनं येतो आणि गाडी झाडतो. मागच्या रविवारी मी तिथे गेले. तो बाकांखालून केरसुणी फिरवत होता. पहिल्या बाकावरचं फडकं तसंच होतं. उन्हाच्या बाजूचा निळा काठ पांढरा पडलेला. तो बाक सोडून त्यानं सगळे पुसले होते.

मला राहवलं नाही. संक्रांतीला चुलीपाशी हंसाबाई काय म्हणाली होती, ते मी त्याला सांगून टाकलं. इतक्या उशिरा.

तो केरसुणी टेकवून बाकाच्या कडेला बसला.

"मले समजलं होतं, बाई," तो म्हणाला. "तिनं दोरी वढली तवाच समजलं. जिले जाचं असते ते अशी बेल नाही देत."

"मग तुम्ही एक बेल द्यायची होती, धनसिंग. एकदाच दोरी ओढायची होती."

त्यानं वर पाहिलं. दोरीवर कोळिष्टकं धरली होती.

"सिंगल बेल उतारूनं मांगा लागते," तो म्हणाला. "उतारू म्हनते, थांबवा, तवा कंडक्टर देते. मी तिची वाट पाहून राह्यलो होतो. आन ती माही."

तो उठला, खाकी शर्टाच्या बाहीनं दोरीवरचं जाळं पुसलं आणि दोरी एकदा ओढली.

घंटा अजून खणखणीत आहे. आम्हा दोघांचीही नजर आपोआप मागच्या खिडकीकडे गेली. खिडकीच्या चौकटीत चुलीवरचा पत्रा दिसत होता आणि पलीकडे नांगरून ठेवलेलं वावर.

मग केरसुणी उचलून त्यानं पहिल्या बाकाखालचा केर काढला, फडक्याला धक्का न लावता. साडेचारची नेरची गाडी यायला दहा मिनिटं होती.